भंगारातला डिशवॉशर आणि मावशींचे तीन टब

मित्रांनो, 'डिशवॉशर' हा शब्द आपल्या हॉस्टेलवर नुसता उच्चारला तरी हशा पिकतो आणि सगळे माझ्याकडे बघतात! गेल्या वर्षी भंगारातून उचलून आणलेलं ते पांढरं धूड आणि पहिल्याच दिवशी त्याने मेसभर केलेला फेस सगळ्यांच्या लक्षात आहे. पण पुढे काय झालं, हे फार थोड्यांना माहीत आहे. संपादकांनी "अभ्यासलेख दे" म्हणून तगादा लावला, तेव्हा ठरवलं की याच विषयावर लिहायचं. ज्यांना एखादं जुनं परदेशी मशीन घ्यायचं असेल त्यांना यातून थोडं शिकता येईल. ज्यांना घ्यायचं नसेल त्यांना आपलं ताट जेवल्यानंतर कुठे जातं, निदान एवढं तरी कळेल.

आधी एक कबुली देतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. भांड्यांच्या बाबतीत मला 'वॉश' आणि 'रिन्स' हे दोनच शब्द माहीत होते. मेसच्या मावशींनी सांगितलं, "आधी खरकटं काढायचं, मग भिजवायचं, मग घासायचं, मग विसळायचं, मग निथळत ठेवायचं." पाच शब्द, पाच कामं, आणि क्रम चुकला की काम वाढलं. नंतर मशीनचा टायमर उघडला तेव्हा त्याच्या चकतीवर याच क्रमाने खाचा होत्या. फरक एवढाच, की खरकटं काढायची खाच त्यात नव्हती. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो फार महत्त्वाचा आहे.

खरेदी : ३५ रुपये किलो

आम्ही तिघे मिनी प्रोजेक्टसाठी जुनी मोटार शोधत नगरमधल्या एका भंगारच्या दुकानात गेलो होतो. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी एस.टी.त बसल्यावर आपण सगळे 'एक नगर' असंच म्हणतो.) तिथे कोपऱ्यात हे यंत्र होतं. कंबरेएवढं उंच, खाली चार चाकं आणि वरून उघडणारं झाकण. आम्हाला वाटलं वॉशिंग मशीन. झाकण उघडलं तर आत तारेच्या दोन जाळ्या, आणि तळाशी नांगराच्या फाळासारख्या दोन पात्यांचा छोटा पंखा.

दुकानदार म्हणाला, "मिशनच्या बंगल्यातलं हाय, अमेरिकेचं." नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम आहे, त्यामुळे अशी वस्तू इथे निघणं अगदीच अशक्य नव्हतं. कंपनीचं नाव झिजून गेलं होतं, पण प्लेटवर '११५ व्होल्ट, ६० सायकल्स, १० अँपिअर' एवढं वाचता येत होतं. 'हर्ट्झ' हे एकक आंतरराष्ट्रीय परिषदेने १९६० मध्ये एस. आय. पद्धतीत घेतलं आणि मग हळूहळू 'सायकल्स' मागे पडलं. म्हणजे मशीन साधारण त्या काळातलं. वजन भरलं ५६ किलो आणि भाव ३५ रुपये किलो. १९६० रुपयांत सौदा झाला. टेम्पोचं भाडं वेगळं!

आजच्या डिशवॉशरला पुढे दार असतं आणि आत फवारे मारणारे फिरते हात असतात. आमच्या मशीनमध्ये फवारे नाहीतच. तळाला थोडं पाणी साठतं, पंखा ते जोरात वर उडवतो आणि पाणी भांड्यांवर आपटतं. कायमची नळजोडणीही नाही. मशीन ढकलत नळापाशी न्यायचं, पाइप लावायचा, काम झालं की परत कोपऱ्यात. त्या काळी अमेरिकेत अशी चाकावरची मशीन बरीच खपली, कारण भाड्याच्या घरात भिंत फोडावी लागत नसे.

थोडा इतिहास

भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट १८५० मध्ये जोएल हॉटन या अमेरिकन माणसाने घेतलं होतं. ते लाकडी होतं, हाताने फिरवायचं, आणि फारसं उपयोगी नव्हतं. खरं चालणारं यंत्र केलं ते जोसेफिन कॉक्रन या बाईंनी. घरातली जुनी चिनी मातीची भांडी धुताना नोकरांच्या हातून त्यांचे टवके उडत, म्हणून वैतागून त्या या कामाला लागल्या. पेटंटची तारीख २८ डिसेंबर १८८६. ज्या १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली आणि स्वामी विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात बाईंचं यंत्र मांडलेलं होतं आणि त्याला पारितोषिकही मिळालं.

गंमत अशी की ते यंत्र घेतलं हॉटेलांनी, घरोघरच्या गृहिणींनी नाही. एक कारण म्हणजे घरच्या बंबाला तेवढं गरम पाणी पुरवणं जमायचं नाही. बाईंची कंपनी पुढे १९२६ मध्ये होबार्टकडे गेली. युरोपात मीलेने १९२९ मध्ये विजेवर चालणारा डिशवॉशर आणला, आणि स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने १९५९ मध्ये चक्क डब्यासारखा गोल, टेबलावर ठेवायचा डिशवॉशर काढला. थोडक्यात काय, विचित्र आकाराची मशीन हा आमच्याच नशिबाचा भाग नव्हता!

वीज : ११५ आणि ६० चा घोळ

आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. व्होल्टेज कमी करायला ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण फ्रीक्वेन्सी ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही. इथे आमची पहिली चूक होणार होती. बाजारातला तयार ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून मोकळं व्हायचं, असं ठरलं होतं. इलेक्ट्रिकल लॅबच्या सरांनी अडवलं. इंडक्शन मोटारीतला फ्लक्स व्होल्टेज भागिले फ्रीक्वेन्सी या प्रमाणात असतो. ११५ भागिले ६० म्हणजे १.९२. फ्रीक्वेन्सी ५० झाली तर तेवढाच फ्लक्स ठेवायला व्होल्टेज १.९२ गुणिले ५०, म्हणजे सुमारे ९६ हवं. जास्त दिलं तर लोखंड सॅच्युरेट होतं आणि मोटार तापते. शेवटी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून ९६ व्होल्टचा टॅप काढलेला ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला.

तरी वेग कमी होतोच. चार पोलची मोटार ६० वर १८०० सिंक्रोनस, ५० वर १५००. म्हणजे पाच षष्ठांश. पाणी आपटण्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे तो ६९ टक्क्यांवर येतो. पण टायमरची मोटारही त्याच फ्रीक्वेन्सीवर चालते, म्हणून तीसुद्धा हळू फिरते. ४५ मिनिटांचं चक्र ५४ मिनिटांचं झालं. मार कमी झाला, पण वेळ आपोआप वाढला!

जुनं मशीन घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी जरूर तपासाव्यात :

१) प्लेटवरचं व्होल्टेज, फ्रीक्वेन्सी आणि अँपिअर. प्लेट नसेल तर मोटारीवरची प्लेट बघा.
२) अर्थिंग. आमच्या मशीनला दोनच पिनांचा प्लग होता. पाणी आणि पत्र्याची बॉडी असताना हे जिवावरचं काम आहे. तीन पिनांचा प्लग, बॉडीला अर्थ आणि ३० मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. बसवल्याशिवाय सरांनी बटणाला हात लावू दिला नाही.
३) मेगर टेस्ट. आमची मोटार पास झाली, पण भांडी वाळवायचा हीटर नापास. तो कायमचा तोडून टाकला.
४) झाकणाचं रबर आणि पंपाचं सील. हे कडक झालेलं असणारच, असं धरूनच भाव करा.
५) जाळीवरचं प्लास्टिक आवरण. ते फुटलं की तार गंजते आणि गंज भांड्यांना लागतो.

पहिला दिवस : फेस!

आता तो प्रसिद्ध किस्सा. मशीनची पावडर आणायची राहिली होती, म्हणून मी भांडी घासायचं साधं लिक्विड दोन चमचे टाकलं. दहा मिनिटांत झाकणाच्या फटीतून फेस बाहेर, मग फरशीवर, मग थेट रेक्टर सरांच्या चपलांपर्यंत. आत भांडी होती तशीच खरकटी! कारण साधं आहे. पंख्याला उडवायला पाणी लागतं. फेस म्हणजे बहुतेक हवाच, ती भांड्यावर आपटून काय होणार? डिशवॉशरच्या पावडरीत सोडा, सिलिकेट असे पदार्थ असतात आणि फेस मुद्दाम कमी ठेवलेला असतो. आपल्याला लहानपणापासून फेस म्हणजे स्वच्छता वाटते, ते खरं नाही.

मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आरं बाळा, यापरीस मी दोनदा घासून झालं असतं."

चार भागांचं वर्तुळ

हेंकेल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुण्याचं एक साधं तत्त्व मांडलं. कुठलीही धुलाई चार गोष्टींनी होते : रसायन, उष्णता, वेळ आणि घर्षण. एक कमी केली तर बाकीच्या वाढवाव्या लागतात. मावशींकडे घर्षण भरपूर, उष्णता शून्य. डिशवॉशरमध्ये घासणं जवळपास नाहीच, म्हणून त्याला कडक रसायन, गरम पाणी आणि तासभर वेळ लागतो.

आमच्या मशीनला पाणी तापवायची सोयच नव्हती. अमेरिकन घरात नळालाच साधारण ६० अंशांचं पाणी येईल, असं गृहीत धरलेलं. हाच दोष आमच्या पथ्यावर पडला! हॉस्टेलच्या गच्चीवर सोलर आहे. सकाळच्या आंघोळींनंतर टाकी गार होते, पण ऊन असेल तर दुपारी दोनपर्यंत पुन्हा तापते आणि ते पाणी कोणी वापरत नाही. आपल्याच जिल्ह्यात शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ मध्ये गच्चीवर ७३ सौर तबकड्या बसवून वाफेवर स्वयंपाक सुरू झाला. मग आपण भांड्यांपुरतं ऊन का वापरू नये? गच्चीच्या टाकीतून मशीनपर्यंत पाइप आणला. टाकी दहा मीटर उंच, म्हणजे दाब सुमारे एक किलो. मशीनला त्याहून जास्त हवा होता, पण टायमर हळू असल्यामुळे व्हॉल्व्हही जास्त वेळ उघडा राहायचा आणि पाणी पुरेसं भरायचं.

राहिला क्षारांचा प्रश्न. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटून चुना बसतो आणि स्टीलचे पेले पांढरट दिसू लागतात. युरोपियन पद्धतीच्या मशीनमध्ये मीठ घालायचा सॉफ्टनर असतो. जुन्या अमेरिकन मशीनमध्ये तो नसे, कारण तिथल्या पावडरीत फॉस्फेट असायचं. त्याने तळी आणि नद्यांत शेवाळ माजतं, म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी २०१० मध्ये त्यावर बंदी आणली. आम्ही शेवटच्या विसळण्यात लिंबूसत्त्व टाकून बघितलं. पेले चकाकले!

आणखी एक सूचना. ॲल्युमिनियमची पातेली यात घालू नका, पावडरीतल्या अल्कलीने काळी पडतात. लोखंडी तवा गंजतो. कल्हईची भांडी तर नकोच. आणि भात ताटाला वाळून चिकटला असेल, तर अमेरिकेचं काय, कुठलंच मशीन तो काढणार नाही.

हिशोब

मशीन नीट चालू लागलं आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, "हे जमतंय तर एक मोठं नवीन मशीन घेऊ. मग दोन मावश्या कशाला? एक पुरे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रेक्टर सर म्हणाले, "तू रिपोर्ट दे."

मित्रांनो, खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही. गंमत म्हणून आणलेल्या यंत्रामुळे कोणाचा तरी पगार जाणार होता. आणि त्या मावशींनीच मला विसळणे आणि निथळणे यांतला फरक शिकवला होता. पण "मला वाईट वाटतं" हे काही रिपोर्टमध्ये चालत नाही. म्हणून बादली आणि घड्याळ घेऊन बसलो.

एक संच म्हणजे एक ताट, दोन वाट्या, पेला आणि चमचा. मशीनमध्ये एका वेळी १६ संच मावतात. पाच वेळा आठ-आठ लिटर पाणी भरतं, म्हणजे ४० लिटर. एका संचाला अडीच लिटर. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, डबा खाऊन आपण मुलं चालू नळाखाली ताट धुतो. दहा लिटरची बादली त्या नळाला ७५ सेकंदांत भरते आणि एका संचाला साधारण एक मिनिट लागतं, म्हणजे आठ लिटर!

आता मावशी. त्यांचे तीन टब, प्रत्येकात १५ लिटर पाणी. पहिल्यात ताट भिजतं आणि घासलं जातं, दुसऱ्यात विसळतं, तिसऱ्यात पुन्हा विसळतं. पन्नासेक ताटं झाली की पहिल्या टबाचं पाणी ओतून देतात, दुसऱ्याचं पहिल्यात, तिसऱ्याचं दुसऱ्यात, आणि नवं पाणी फक्त तिसऱ्यात. ताट एका दिशेने जातं, पाणी उलट दिशेने येतं. हे बघितलं आणि मी उडालोच. केमिकलच्या मुलांना 'काउंटर-करंट वॉशिंग' म्हणून जे शिकवतात, ते हेच! हॉटेलातली मोठी मशीनसुद्धा शेवटच्या विसळण्याचं पाणी पुढच्या धुण्याला वापरतात. पहिल्यांदा टब भरायला ४५ लिटर, त्यानंतर दर पन्नास ताटांना १५ लिटर. आपल्या १८० मुलांच्या एका जेवणाला तीन वेळा पाणी बदललं तरी ९० लिटर. तेवढ्याच मुलांना मशीन ४५० लिटर घेईल आणि चालू नळ १४४० लिटर. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या हॉस्टेलला हा फरक समजावून सांगायची गरज नाही.

वेळेचं बघा. १८० संच म्हणजे मशीनच्या १२ फेऱ्या, जवळजवळ अकरा तास. नवीन हॉटेलवालं मशीन हे काम फार लवकर करेल, ते मान्य. पण खरकटं काढणं, जाळीत लावणं, बाहेर काढून रचणं हे त्यालाही माणसानेच करावं लागतं. सुरुवातीला सांगितलं ना, टायमरच्या चकतीवर ती पहिली खाच नव्हतीच!

मात्र मावशींच्या पद्धतीतही दोन उणिवा सापडल्या, त्याही लिहिल्या. एक, पाणी गार असतं, त्यामुळे तेलकटपणा राहतो आणि जंतूही. दुसरी उणीव त्यांच्या हातांची. सोड्याच्या पाण्यात दिवसाचे कित्येक तास गेल्याने बोटांना भेगा पडलेल्या. "मोज्यांनी ताट निसटतं," म्हणून त्या रबरी हातमोजे घालत नाहीत.

जाळी

उपाय त्या मशीनमध्येच होता, पण मोटारीत नव्हता. कॉक्रनबाईंनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर प्रत्येक भांड्याच्या मापाचे तारेचे कप्पे. भांडी एकमेकांना न चिकटता उभी राहिली तरच पाणी सगळीकडे पोचतं. आम्ही एका फॅब्रिकेशनवाल्याकडून आपल्या मेसच्या ताटांच्या मापाच्या, लांब दांड्याच्या स्टीलच्या चार जाळ्या करून घेतल्या. आता तिसऱ्या टबातून काढलेली ताटं जाळीत उभी करायची आणि जाळीच कडक पाण्याच्या पातेल्यात बुडवायची. पाणी सोलरचं, वरची उष्णता गॅसची. ७७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद, हे भांडी निर्जंतुक करण्याचं मान्य प्रमाण आहे. पाण्यात हात घालायचा नाही. ताट तापलेलं असल्याने बाहेर काढल्यावर आपलं आपण वाळतं, फडकंही लागत नाही.

रिपोर्टमध्ये मी तीन ओळींचा निष्कर्ष दिला. मशीन फक्त पेले आणि वाट्यांसाठी वापरावं. ताटांसाठी जाळ्या आणि गरम पाणी द्यावं. दोन्ही मावश्या राहाव्यात, कारण वाचलेल्या वेळात त्यांना निदान जेवायला तरी बसता येईल. कमिटीत बरीच वादावादी झाली. मोठ्या मशीनचा विषय "पुढच्या वर्षी बघू" वर गेला. पुढच्या वर्षी मी फायनलला असेन, तेव्हा कोण आकडे मांडेल माहीत नाही. म्हणून हा हिशोब मासिकात छापून ठेवतोय.

परवा मावशींना विचारलं, "मशीन कसं वाटतं?" जाळी पातेल्यात सोडत म्हणाल्या, "मशीन बरं हाय. जाळी चांगली हाय. पण तुमच्या पोरांना येक सांग. ताटात भात ठिवून टेबलावर वाळवू नका. ते काम कुठलं मशीन करायचं?"

तर मित्रांनो, जेवण झालं की उष्टं बादलीत टाका आणि ताट पहिल्या टबात ठेवा. दहा सेकंदांचं काम आहे.